लहान जाते, मोठे अडते
(प्रस्तावना)

नागपुरात नेटवर्कचे काम करणाऱ्या कोणाही पोराला विचारा, हे वाक्य त्याने ऐकलेलेच असते : "भाऊ, पिंग तं बरोबर जाऊन राहिला, पण साईट नाही उघडून राहिली." ठिकाण कुठलेही असो, सीताबर्डीतले दुकान, हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखाना की धरमपेठेतले वकिलाचे कार्यालय, लक्षणे एकाच घराण्यातली. मेसेज जातो, फोटो अडतो. बँकेचे पान उघडायला घेतले की वरचे चक्र फिरत राहते आणि पांढऱ्या पडद्यापुढे काही सरकत नाही. दोन पानांचा अर्ज चढतो, दोनशे पानांची पीडीएफ चढत नाही. व्हीपीएन झटक्यात जोडला जातो आणि जोडला गेल्यावर त्यातून काहीच वाहत नाही.

यावरचे उपाय ठरलेले. राउटर बंद-चालू करायचा, पॅचकॉर्ड बदलायची, फायबरचे टोक पुसायचे, ओएनटी नवा लावायचा, आणि शेवटी ग्राहकाला "वरूनच प्रॉब्लेम आहे" असे सांगून गाडीला किक मारायची. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वायर धड असते, प्रकाशाची पातळी उत्तम असते, स्पीडटेस्टही बरेचदा पूर्ण आकडा दाखवते. बिघाड असतो पॅकेटच्या आकारात, नाहीतर पॅकेटांच्या क्रमात. या पुस्तिकेचा विषय हे दोन बिघाड आहेत : वाटेतल्या राउटरवर पॅकेटचे तुकडे पडणे, आणि पॅकेटे निघाली त्या क्रमाने न पोचणे. दोन्ही एकत्र घेतले, कारण यातला पहिला अनेकदा दुसऱ्याला जन्म देतो आणि तपासणारा मात्र दोघांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नावाने भेटतो.

आधी आकाराचे पाहू. इथरनेटच्या तारेवरून एका वेळी जास्तीत जास्त १५०० बाइटांचे आयपी पॅकेट जाते. या कमाल मापाला एमटीयू म्हणतात. सगळ्या जगात सगळ्या दुव्यांचे माप १५०० असते तर ही पुस्तिका लिहावी लागली नसती. पण वाटेत एखादा दुवा अरुंद निघतो, आणि मग प्रश्न उभा राहतो की मोठे पॅकेट त्यातून न्यायचे कसे.

हा प्रश्न नागपूरला जुना आहे. १८६७ साली जीआयपी रेल्वेची ब्रॉडगेज गाडी इथे पोचली. पुढे १८८०च्या दशकात पूर्वेला राजनांदगावकडे निघालेली नागपूर-छत्तीसगड रेल्वे मात्र मीटरगेजची होती. बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन १८८८ मध्ये रुंद करेपर्यंत पूर्व आणि पश्चिम यांच्यामधला माल नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. मोठ्या वाघिणीतला माल लहान वाघिणीत मावत नाही, तेव्हा एकाच्या दोन होणार. एक वाघीण मागे राहिली की व्यापाऱ्याचा माल अर्धा. आयपीने हाच उपाय उचलला, पण एका फरकाने, आणि सगळी गोम त्या फरकात आहे. रेल्वेत रूळ पुन्हा रुंद झाले की माल पुन्हा मोठ्या वाघिणीत भरता येतो. आयपीत एकदा पडलेले तुकडे वाटेत कोणी जोडत नाही. पुढचे रस्ते कितीही रुंद असोत, ते मुक्कामाच्या यंत्रापर्यंत तुकडेच राहतात, आणि एक जरी हरवला तरी उरलेले फेकून दिले जातात.

नियम १९८१ चे आहेत. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९१ मध्ये आयपीच्या मथळ्यात यासाठी तीन जागा ठेवल्या. एक १६ बिटांचा ओळख क्रमांक, म्हणजे कोणता तुकडा कोणत्या पॅकेटचा ते कळावे. दुसऱ्या जागेत दोन खुणा : 'अजून तुकडे आहेत' आणि 'तोडू नये', या दुसरीलाच आपल्याकडे सगळे डीएफ म्हणतात. तिसरी जागा तुकडा मूळ पॅकेटात कुठे बसतो ते सांगणारी, आठ-आठ बाइटांच्या हिशेबात. रचना सुबक आहे. त्या काळच्या जाळ्यात ती उपकारकही होती, कारण दर जाळ्याचे माप निराळे होते आणि कोणीही कोणाशी जोडले जाऊ शकावे हा उद्देश होता.

आता आजचे उदाहरण घ्या. बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या राउटरने मुंबईच्या कार्यालयाकडे जीआरई बोगदा टाकला आहे. या बोगद्याचे आवरण २४ बाइटांचे. आतून १५०० चे पॅकेट आले की बाहेर १५२४ चे होते आणि तारेत मावत नाही. राउटर ते तोडतो : पहिला तुकडा १५०० चा, दुसरा अवघा ४४ बाइटांचा, त्यातले २० पुन्हा मथळ्याचेच. २४ बाइट जादा झाले म्हणून पॅकेटांची संख्या दुप्पट झाली. राउटरची दमछाक बाइटांनी होत नाही, दर सेकंदाला किती पॅकेटे हाताळायची त्यावर होते. मुंबईच्या टोकाला जोडणीचे काम आणखी जड. तिथला राउटर एरवी हार्डवेअरमधून सुसाट पॅकेटे काढतो, पण तुकडे जोडायचे म्हटले की बहुतेक वेळा ते काम त्याच्या सीपीयूवर पडते. "मुंबईचा राउटर लहान पडतो, मोठा घ्या" हा सल्ला इथून निघतो. खरे तर २४ बाइट आधीच कमी केले असते तर जुना राउटर पुरला असता.

दुसरा तोटा हरवण्याचा. यूडीपीवरून आठ किलोबाइटांचा एक ठोकळा पाठवला, तर त्याचे १५०० च्या तारेवर सहा तुकडे होतात. दर शंभरात एक तुकडा गळत असेल, तर ठोकळे मात्र शंभरात जवळजवळ सहा वाया जातात. क्रिस्टोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ मध्येच निबंध लिहून तुकडे पाडणे घातक ठरवले होते, त्यातला एक मुद्दा हाच.

तिसरा तोटा आकडेमोडीचा आहे आणि तो मला सर्वात भयंकर वाटतो. ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ नंतर पुन्हा पहिल्यापासून. एक गिगाबिटच्या दुव्यावर सेकंदाला सुमारे ८३,००० पूर्ण पॅकेटे जातात. म्हणजे एका सेकंदाच्या आत तेच क्रमांक पुन्हा सुरू. आणि अपुऱ्या तुकड्यांची वाट लिनक्स साधारण ३० सेकंद पाहतो. जुन्या पॅकेटचा उरलेला तुकडा नव्या पॅकेटच्या तुकड्याला चिकटू शकतो. चेकसम बहुतेक वेळा ही लबाडी पकडतो. बहुतेक वेळा.

यावर उतारा म्हणून १९९० मध्ये मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ मध्ये वेगळी रीत मांडली. पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅकेटवर 'तोडू नये' ही खूण लावायची. अरुंद दुवा आला की तिथल्या राउटरने पॅकेट टाकून द्यायचे आणि आयसीएमपी निरोप परत पाठवायचा : माझ्याकडे एवढेच माप आहे. पाठवणारा पुढची पॅकेटे त्या मापाची करतो. कोणाचेही तुकडे पडत नाहीत. आजची जवळजवळ सगळी टीसीपी वाहतूक अशीच चालते, आणि ती चालते तोवर कोणाला तिचा पत्ताही नसतो.

बिघडते ते निरोप अडवल्यामुळे. कोण्या काळी कोणी तरी सांगून ठेवले की आयसीएमपी बंद केले की जाळे सुरक्षित होते. मग फायरवॉल लावणाऱ्या प्रत्येकाने डोळे मिटून सगळे आयसीएमपी बंद केले, आणि त्यात हा निरोपही गेला. याला सुरक्षा म्हणणे म्हणजे अंधश्रद्धा आहे. पिंग बंद ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण प्रकार ३, संकेत ४ हा निरोप अडवणाऱ्याला माफी नाही. राउटर मोठे पॅकेट टाकतो, कळवतो. कळवलेले पोचत नाही. पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो. याला धंद्यात ब्लॅक होल म्हणतात. लहान पॅकेटांना काहीच होत नाही. म्हणून पिंग जातो, टीसीपीची ओळखपाळख होते, ब्राउझरचे पहिले नमस्काराचे पॅकेटही पोचते. मग सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवतो. ते काही हजार बाइटांचे असते, म्हणजे या संभाषणातली पहिली भरगच्च पॅकेटे तीच. नेमके तिथे चक्र फिरत राहते. ज्याला हे एकदा कळले, तो पान कोणत्या पायरीवर अडकले यावरून अर्धे निदान खुर्चीत बसून करतो.

आपल्याकडे अरुंद दुवा कुठे भेटतो? पहिली जागा पीपीपीओई. २००५ मध्ये बीएसएनएलचे डेटावन ब्रॉडबँड आले तेव्हापासून हे नाव घराघरात मोडेमच्या पडद्यावर दिसू लागले. १९९९ च्या या पद्धतीचे आवरण ८ बाइटांचे, म्हणून एमटीयू १४९२. दुसरी जागा व्हीपीएन. आयपीसेकचे आवरण निवडलेल्या पद्धतीनुसार साधारण ५० ते ८० बाइट खाते. २०२० च्या टाळेबंदीत मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कातली माणसे एका रात्रीत घरून काम करू लागली, तेव्हा ही दोन आवरणे एकावर एक चढली : घरचे १४९२, त्यात कंपनीचा बोगदा. हिशेब ज्याने १५०० धरून केला होता, त्याचा बोगदा जोडला जाई आणि पुढे मुका राही. हे दोष आजही भेटतात, फक्त आता त्यांना 'घरचे नेट खराब' हे नाव मिळाले आहे.

यावरचा हुकमी इलाज राउटरवरच आहे. टीसीपीची दोन टोके सुरुवातीलाच एकमेकांना सांगतात की मला एवढ्या मापाचा माल पाठवा. त्याला एमएसएस म्हणतात. मधला राउटर तो आकडा जाता जाता कमी करून देतो. १४९२ तून मथळ्यांचे ४० वजा केले की १४५२. सिस्कोवर 'अ‍ॅडजस्ट-एमएसएस' ही आज्ञा, मायक्रोटिकवर पीपीपी प्रोफाइलमध्ये 'चेंज टीसीपी एमएसएस'. बहुतेक घरगुती राउटर हे गुपचूप करतात, म्हणूनच एरवी काही जाणवत नाही. कोणी तो राउटर काढून स्वतःचा लावला की तक्रार जन्माला येते. मात्र ही मात्रा फक्त टीसीपीला लागू पडते. यूडीपीला एमएसएस नसतो. व्हिडिओ कॉल, डीएनएस, आणि २०२१ मध्ये प्रमाणित झालेले क्विक हे सगळे यूडीपीवरचे. क्विकने निदान स्वतःपुरता शहाणपणा केला आहे : आपली पॅकेटे तुटू द्यायची नाहीत, हा त्याचा नियमच आहे. आयपीव्ही६ ने त्याही आधी राउटरचा तोडण्याचा अधिकारच काढून घेतला आणि दुव्याचे किमान माप १२८० ठरवले. त्यामुळे तिथे आयसीएमपी अडवणे आणखी महागात पडते, एवढे सांगून मी तो विषय त्याच्या प्रकरणावर सोपवतो.

आता क्रम. पॅकेटे ओळीने पोचतील असे वचन आयपीने कधीच दिले नव्हते. क्रम लावणे हे टीसीपीचे काम. तरी आपण क्रम गृहीत धरतो, कारण बहुतेक वेळा तो टिकतो. तो मोडण्याची कारणे समजायला नागपूरसारखी जागा नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गही इथेच. आणि फायबर रूळ अन् रस्ते यांच्या कडेनेच जाते. रेलटेल तर त्यासाठीच २००० साली निघाली. परिणामी नागपुरातून मुंबईला जायला एकाहून अधिक वाटा असतात.

समजा एक वाट भुसावळवरून सरळ, सुमारे ८३० किलोमीटर. दुसरी हैदराबादवरून वळसा घालून, सुमारे १,२०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. पहिल्या वाटेला साधारण ४ मिलिसेकंद, दुसरीला ६. दोन मिलिसेकंदांचा फरक माणसाला कळत नाही. पण एक गिगाबिटवर १५०० बाइटांचे पॅकेट तारेवर चढायला १२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे लांबच्या वाटेने गेलेल्या एका पॅकेटला मागून निघालेली दीडशेहून अधिक पॅकेटे ओलांडून जातात. टीसीपीला तीन पुरतात. पुढची पॅकेटे आली आणि मधले नाही, असे पावत्यांवरून तीनदा कळले की जुन्या शिरस्त्याचा टीसीपी मधले हरवले असे समजतो, ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेग निम्मा करतो. काहीही हरवलेले नसते. दुवा रिकामा असतो आणि वेग मिळत नाही.

म्हणूनच समजूतदार राउटर एका संभाषणाची सगळी पॅकेटे एकाच वाटेने पाठवतो. दोन्हीकडचे आयपी पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींवरून तो वाट ठरवतो. आणि इथे आपले दोन बिघाड हातात हात घालून येतात. पोर्ट लिहिलेले असतात ते फक्त पहिल्या तुकड्यात. दुसऱ्या तुकड्याला पोर्ट नाही, तर राउटरचा हिशेब बदलतो आणि तो त्याला दुसऱ्या वाटेने धाडू शकतो. अशा वेळी पॅकेटचे शेपूट डोक्याच्या आधी मुंबईला पोचते. तिथे पोर्ट पाहून निर्णय घेणारी फायरवॉल बसलेली असेल, तर ती हे बिनपोर्टाचे शेपूट टाकून देते. ग्राहक सांगतो, "कधी चालते, कधी नाही." त्याचे म्हणणे तंतोतंत खरे असते.

क्रम घरातही मोडतो. दोन वायरलेस दुवे बाँड करून त्यांवर आळीपाळीने एक-एक पॅकेट टाकायचे, ही लहान सेवादारांची आवडती युक्ती. दुव्यांचा विलंब समान नसला की क्रमाचा बट्ट्याबोळ. राउटरच्या आतही अनेक रांगा आणि अनेक सीपीयू असतात. जॉन बेनेट, क्रेग पार्ट्रिज आणि निकोलस शेक्टमन यांनी १९९९ मध्येच दाखवले होते की क्रम बदलणे हे जाळे आजारी असल्याचे लक्षण नव्हे. यंत्रे समांतर काम करू लागली की ते ओघानेच येते. मला हे पटते. टीसीपीही सुधारला आहे; २०२१ चा आरएफसी ८९८५ तीन पावत्या मोजत न बसता वेळ पाहून ठरवतो. सुधारले नाहीत ते मधले. आयपीसेक जुनी पॅकेटे पुन्हा खपवू पाहणाऱ्यांना अडवण्यासाठी शेवटच्या काही क्रमांकांची खिडकी ठेवतो, आणि ती अनेक ठिकाणी ६४ चीच असते. दीडशे पॅकेटांनी मागे पडलेले प्रामाणिक पॅकेट तिच्याबाहेर जाते आणि टाकले जाते. एकाच राउटरवर आधी कूटबद्ध करून मग क्यूओएसच्या रांगांत पॅकेटे विभागली की हे दोन वाटा नसतानाही घडते. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांचे चित्र तर उशिराच्या पॅकेटसाठी थांबूच शकत नाही. उशीर झाला म्हणजे गेलेच.

तेव्हा दोन बिघाडांना दोन वेगळ्या वृत्तीने भिडायचे. तुकडे पडू द्यायचे नाहीत. पॅकेट उगमापाशीच लहान निघेल असे पाहायचे. क्रम मात्र मोडणारच. तो कोणाला सोसत नाही ते शोधायचे आणि त्याची खिडकी वाढवायची. या पुस्तिकेची प्रकरणे याच क्रमाने आहेत.

तपासणीविषयी एक इशारा इथेच देतो, कारण त्यात भलेभले फसतात. वायरशार्कमध्ये 'आउट ऑफ ऑर्डर' असे काळ्या पट्टीत लिहून आले म्हणजे ते सिद्ध झाले असे नाही. तो वेळेवरून केलेला अंदाज असतो. पुन्हा पाठवलेले पॅकेट आणि उशिरा आलेले पॅकेट त्याला कधी कधी सारखेच दिसतात. स्विचच्या मिरर पोर्टवर पकडले तर तो पोर्टच क्रम बदलून देऊ शकतो. आणि संगणकावरच पकडले, तर १५०० च्या तारेवर दहा-दहा हजार बाइटांची पॅकेटे दिसतात. घाबरू नका. नेटवर्क कार्ड आणि कर्नल मिळून जोडजमाव करतात, ऑफलोड म्हणतात त्याला. तारेवर तसे काही नसते. शक्य असेल तिथे दोन्ही टोकांना एकाच वेळी पकडा आणि आयपीचा ओळख क्रमांक जुळवून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण वाद तिथेच मिटतो.

उपकरणांचे कॅटलॉग, परीक्षांची प्रश्नोत्तरे आणि 'वेग वाढवण्याच्या दहा युक्त्या' या पुस्तिकेत नाहीत. वाचकाला आयपी पत्ता आणि सबनेट माहीत आहे असे धरले आहे. टर्मिनल उघडे ठेवूनच वाचा.

आणि पुढची तक्रार आली की राउटरच्या बटणाला हात लावण्याआधी एक करा. 'तोडू नये' ही खूण लावून १४७२ बाइटांचा पिंग पाठवा. त्यात मथळ्यांचे २८ मिळून १५०० होतात. नाही गेला तर १४६४ चा, तोही नाही गेला तर आणखी खाली, जाईपर्यंत. पिंग मुख्यतः जाणारी वाट तपासतो, म्हणून जमल्यास पलीकडूनही तेच करायला सांगा. मिळालेले दोन्ही आकडे ग्राहकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा आणि मगच फोन लावा.